नागरी सहकारी बँकेत दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती ठेवावी की काढावी?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या नागरी सहकारी बँकेत संगणक विभागाचे काम पाहते. आमच्याकडे कोअर बँकिंगच्या (बँकेची सर्व खाती आणि व्यवहार सांभाळणाऱ्या मध्यवर्ती संगणक प्रणालीच्या) लॉगिनसाठी दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती आहे. तो किमान आठ अक्षरांचा असावा, त्यात एक मोठे इंग्रजी अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह असावे आणि आधीच्या पाच पासवर्डांपैकी कोणताही पुन्हा वापरता येऊ नये, असे धोरणात लिहिलेले आहे. यंदाच्या सिस्टीम ऑडिटमध्ये काही शाखांत पासवर्ड कागदावर लिहून ठेवलेले आढळले. त्यामुळे ही मुदत ३० वरून १५ दिवसांवर आणावी अशी शिफारस अहवालात आली असून, त्यावर आम्ही काय कार्यवाही केली हे दोषदुरुस्ती अहवालात कळवायचे आहे.

माझे मत या शिफारशीच्या नेमके उलट आहे. कागदावर पासवर्ड लिहिले जातात ते मुदत फार मोठी असल्यामुळे नव्हे, तर ती फार लहान असल्यामुळे. रिसेटसाठी फोन करताना कर्मचारी स्वतःच सांगतात की त्यांचा शब्द कायम असतो, फक्त शेवटचा महिन्याचा आकडा बदलतो, आणि या महिन्याचा आकडा घातला होता की मागच्या, एवढेच त्यांच्या लक्षात राहिलेले नसते. पेन्शन आणि पगार जमा होण्याच्या पहिल्या आठवड्यात काउंटरसमोर रांग लागलेली असताना कॅशियरचे लॉगिन लॉक होते. मग शेजारच्या सहकाऱ्याच्या लॉगिनवर काम सुरू होते आणि आमच्या नोंदवहीत ज्याने व्यवहार केलाच नाही त्याचे नाव उमटते. पासिंगचे, म्हणजे दुसऱ्याने केलेली एंट्री तपासून मंजूर करण्याचे, अधिकार असलेले अधिकारी रजेवर जाताना पासवर्ड सांगून जातात, हेही मला ठाऊक आहे आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

मुदतीची सक्ती काढून त्याऐवजी लांब पासवर्ड आणि ओटीपीसारखा दुसरा टप्पा आणावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. त्यावर एका संचालकांनी विचारले की २०१८ मध्ये सायबर चोरी झालेल्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना नियम सैल कसा करता येईल, आणि उद्या काही घडले तर जबाबदारी कोणाची? हा प्रश्न मला अवाजवी वाटत नाही, आणि केवळ कर्मचाऱ्यांना त्रास होतो एवढ्या आधारावर ठराव मागणे मला योग्य वाटत नाही. ज्यांनी बँकेत किंवा इतरत्र असे निर्णय घेतले आहेत, त्यांनी आपले मत कारणांसह सांगावे ही विनंती.

तटबंदी यांचे उत्तर

ताई, सक्ती काढावी. मी संगणक सुरक्षेच्या क्षेत्रात पुण्यात काम करतो आणि या एका नियमाने जेवढे नुकसान केले आहे तेवढे फार थोड्या नियमांनी केले असेल, असे माझे ठाम मत आहे.

मुदतीमागचा हिशेब आधी पाहावा. चोरलेला पासवर्ड काही दिवसांनी निरुपयोगी व्हावा, ही त्यामागची कल्पना आहे. चोरी महिन्यातल्या कोणत्याही दिवशी होऊ शकते असे धरले, तर ३० दिवसांच्या मुदतीत चोराच्या हाती सरासरी १५ दिवस राहतात आणि मुदत १५ दिवसांवर आणली तर साधारण साडेसात. पैसे वळते करण्यासाठी किंवा आत शिरून दुसरी वाट तयार करून ठेवण्यासाठी एक तासही पुरतो. म्हणजे शिफारस मान्य केली तरी चोराचे काहीच अडत नाही. पासवर्ड चोरीला गेल्याचे कळले असेल तर तो त्याच क्षणी बदलायला हवा, मुदतीची वाट पाहण्यात अर्थ नाही. चोरीचा संशयही नसेल, तर बदलल्याने कर्मचाऱ्याच्या डोक्यावर ओझे वाढते, एवढेच.

दुसरा मुद्दा नव्या पासवर्डाचा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये त्यांच्याच विद्यापीठातील बंद झालेल्या खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. त्या खात्यांना दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणे सक्तीचे होते. एखाद्या खात्याचा जुना पासवर्ड माहीत असेल तर त्यावरून पुढचा पासवर्ड ४१ टक्के प्रकरणांत संगणकाने काही सेकंदांत शोधून काढला आणि १७ टक्के खात्यांत पाच किंवा त्याहून कमी अंदाजांत तो सापडला. आपल्या कर्मचाऱ्यांची महिन्याचा आकडा बदलण्याची सवय तुम्ही वर्णन केली आहेच. तीच सवय सुशिक्षित विद्यापीठातही होती, त्यामुळे हा दोष शाखेतील लिपिकाच्या निष्काळजीपणाचा नसून नियमाचा आहे, हे संचालक मंडळाला निःसंकोच सांगावे.

हे मत आता कुणा एकट्यादुकट्याचे राहिलेले नाही. ब्रिटनच्या सरकारी सायबर सुरक्षा विभागाने २०१५ मध्येच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असे सांगितले. अमेरिकेत मानके ठरवणाऱ्या निस्ट या राष्ट्रीय संस्थेने जून २०१७ मध्ये तोच सल्ला दिला आणि २०२५ च्या सुधारित आवृत्तीत त्याचे रूपांतर स्पष्ट मनाईत केले; पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र तो बदलायला लावलाच पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारस केलेल्या सुरक्षा रचनेतून पासवर्डाची मुदत काढून टाकली. चिन्हे, अंक आणि वारंवार बदल यांचा सल्ला ज्या जुन्या निस्ट दस्तऐवजातून जगभर पसरला, त्याचे लेखक बिल बर यांनी निवृत्तीनंतर २०१७ मध्ये त्यातील बऱ्याच भागाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. मूळ सल्ला देणाऱ्यानेच तो मागे घेतल्यावर आपण त्याला चिकटून राहावे, याचे कोणतेही समर्थन मला दिसत नाही.

कॉसमॉसबद्दल संचालकांनी विचारले ते योग्यच केले, पण त्या घटनेचा धडा वेगळा आहे. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता आणि बँका बंद होत्या. त्या दिवशी बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले, आणि १३ ऑगस्टला स्विफ्टद्वारे (बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेद्वारे) हाँगकाँगमधील एका खात्यात सुमारे १४ कोटी रुपये पाठवले गेले. एटीएमच्या मागण्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचल्याच नाहीत, कारण मध्येच उभ्या केलेल्या बनावट स्विचने (एटीएमच्या मागण्या कोअर बँकिंगकडे पोहोचवणाऱ्या यंत्रणेच्या नकलेने) त्यांना परस्पर मंजुरी दिली. काउंटरवरील कॅशियरने त्या आठवड्यात पासवर्ड बदलला होता की नाही, याचा त्या चोरीशी काय संबंध पोहोचतो? स्विच आणि कोअर बँकिंगच्या आकड्यांची सुट्टीच्या दिवशीही सतत जुळवणी, एटीएमचे जाळे आणि कार्यालयीन संगणक यांच्यात कडक विभागणी, आणि अचानक परदेशातून मागण्या वाढल्या तर तत्काळ थांबवण्याची व्यवस्था, हे त्यातून शिकायचे आहे. संचालक मंडळाचा वेळ आणि पैसा या कामांवर खर्च व्हायला हवा.

मुदत काढताना दोन गोष्टी मात्र त्याच दिवशी लागू झाल्या पाहिजेत. पासवर्ड किमान पंधरा अक्षरांचा असावा आणि चिन्हांची अट काढावी. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले तरी तो लांब, लक्षात राहणारा आणि अंदाजाला कठीण असा होतो: उंबरा, टपाल, कढई, सायकल असे काहीही. म्हण, अभंगाचा चरण किंवा प्रसिद्ध गाण्याची ओळ मात्र घेऊ नये, कारण ती समोरच्यालाही पाठ असते. दुसरे म्हणजे नाकारायच्या शब्दांची यादी. बाहेर मिळणाऱ्या फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या घ्याच, पण त्यांत आपल्याकडचे शब्द स्वतः भरा: बँकेचे नाव, प्रत्येक शाखेचे गाव, स्थापनेचे वर्ष, ग्रामदैवत, गणपती, साईराम, शिवाजी, जयमहाराष्ट्र, आणि या सर्वांना आकडे जोडून होणारी रूपे. काही जुन्या कोअर बँकिंग प्रणालींमध्ये पासवर्डाची लांबी मर्यादित असते, म्हणून आपल्या पुरवठादाराकडून ही मर्यादा लेखी विचारून घ्या.

निवृत्त लेखापरीक्षक यांचे उत्तर

नागरी बँका आणि पतसंस्था यांचे लेखापरीक्षण मी दीर्घकाळ केले आहे. वरील उत्तरातील माहिती खरी असली तरी त्यातून काढलेला निष्कर्ष आपल्या शाखांना जसाच्या तसा लागू करण्यास माझा विरोध आहे, आणि तो का आहे हे सविस्तर सांगतो.

परदेशी मार्गदर्शक तत्त्वे एक गोष्ट गृहीत धरतात की पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असतो आणि धोका बाहेरच्या चोराकडून आहे. आपल्या लहान शाखांत ही अवस्था नाही. कृष्णाकाठ यांनी स्वतःच लिहिले आहे की पासिंग अधिकारी रजेवर जाताना पासवर्ड सांगून जातात. त्या अधिकाऱ्यांची बदली होईपर्यंत शाखेतील तीन-चार जणांना त्यांचा पासवर्ड ठाऊक झालेला असतो, त्यातील एखादा पुढे नोकरी सोडून जातो, आणि महिन्याची मुदत नसेल तर तो पासवर्ड वर्षानुवर्षे चालू राहतो. आज कितीही अपुरा असला तरी मुदतीचा नियम ही गळती महिन्यातून एकदा बंद करतो. दुसरी व्यवस्था उभी राहण्याआधी तो काढला तर उरलेले एकमेव बंधनही जाते.

बँकिंगमधील अंतर्गत नियंत्रणाचा पाया म्हणजे एंट्री एकाने करायची आणि ती दुसऱ्याने तपासून पास करायची. मी लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय केले याच्या संगणकातील नोंदी, मागवून पाहिले आहेत. एकाच संगणकावरून एका लॉगिनने एंट्री झालेली असते आणि अवघ्या काही सेकंदांत त्याच संगणकावरून दुसऱ्या लॉगिनने ती पास झालेली असते. कागदोपत्री दोन माणसे असतात, प्रत्यक्षात खुर्चीवर एकच बसलेला असतो. बहुतेक वेळा त्यात अप्रामाणिकपणा नसतो, ग्राहक खोळंबू नये एवढाच हेतू असतो. पण अपहाराची जी प्रकरणे माझ्यासमोर आली, त्यांची सुरुवात याच सोयीतून झालेली होती. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेचे २०१८ मध्ये उघडकीस आलेले १३ हजार कोटींहून अधिक रकमेचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. तेथे स्विफ्टची व्यवस्था कोअर बँकिंगशी जोडलेली नव्हती, त्यामुळे हमीचे संदेश परदेशी शाखांना गेले आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच झाली नाही. आतल्या माणसाकडून होणारे नुकसान बाहेरच्या चोराच्या तुलनेत किरकोळ असते, असे समजण्याचे कारण नाही.

जगातील सर्व मानकांनी मुदत सोडून दिली आहे असेही नाही. कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेसाठीचे पीसीआय हे मानक आजही असे सांगते की जेथे ओळख पटवण्यासाठी पासवर्ड हा एकमेव आधार आहे तेथे तो ९० दिवसांत बदलावा, नाहीतर खात्याच्या वापरावर सतत लक्ष ठेवून प्रवेश द्यायचा की नाही हे यंत्रणेने ठरवावे. मला हीच भूमिका समतोल वाटते. १५ दिवसांची शिफारस मलाही पटत नाही, कारण तिने कागदावर लिहिण्याची सवय वाढेल. दुसरा टप्पा सर्व शाखांत सुरू झाल्यावर मुदत खुशाल काढा, तोपर्यंत ९० दिवस ठेवा.

काउंटर क्रमांक तीन यांचे उत्तर

मी दुसऱ्या एका बँकेत शाखाधिकारी आहे आणि पासवर्ड का सांगितला जातो याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण वरील दोन्ही उत्तरांत तो भाग राहून गेला आहे.

लहान शाखेत पासिंगचे अधिकार असलेले एक किंवा दोन अधिकारी असतात. त्यातील एक वसुलीसाठी गावोगावी फिरत असतो आणि दुसऱ्याला एखाद्या दाव्याच्या तारखेसाठी तालुक्याच्या न्यायालयात जावे लागते. त्या वेळी मुलाच्या प्रवेशाच्या फीसाठी धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) मागणारा सभासद समोर उभा असतो. मुख्य कार्यालयात फोन केला तर अधिकार तात्पुरते दुसऱ्याला देण्यासाठी लेखी पत्र, त्यावर सही आणि मग संगणक विभागाकडून बदल, असा मार्ग सांगितला जातो आणि त्यात अर्धा दिवस जातो. अशा वेळी जे घडते ते मनुष्यस्वभावाला धरून आहे. मुदत ९० दिवस असो, ३० असो किंवा नसो, अधिकार तात्पुरते सोपवण्याची सोय दहा मिनिटांत मिळत नसेल तर पासवर्ड सांगितला जाणारच.

आमच्या बँकेने कोअर बँकिंगच्या पुरवठादाराकडून अशी सोय करून घेतली. शाखाधिकारी स्वतःच्या लॉगिनमधून दुसऱ्या अधिकाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत आणि ठरावीक तारखेपर्यंत पासिंगचे अधिकार देऊ शकतो, त्याची सूचना मुख्य कार्यालयाला आपोआप जाते आणि मुदत संपताच अधिकार परत काढून घेतले जातात. ज्या माणसाने पास केले त्याचेच नाव व्हाउचरवर येते. हे झाल्यावर पासवर्ड मागण्याची कारणेच उरली नाहीत. एक विनंती मात्र आहे. ओटीपी मोबाइलवर येणार असेल तर शाखेच्या इमारतीत सिग्नल मिळतो का, हे आधी तपासा. जुन्या जाड भिंतींच्या इमारतीत कॅश केबिनमध्ये संदेश वेळेवर येत नाही आणि रोख व्यवहार चालू असताना कॅशियरने मोबाइल हाताळणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. बोटाच्या ठशाने लॉगिन करण्याचा विचार करावा असे मला वाटते.

तटबंदी यांचे पुन्हा उत्तर

काउंटर क्रमांक तीन यांनी नेमक्या जागेवर बोट ठेवले आहे, आणि लेखापरीक्षक साहेबांच्या आक्षेपाचे उत्तरही त्यांच्या लिहिण्यातच आहे. साहेब म्हणतात की मुदतीमुळे गळती महिन्यातून एकदा बंद होते. पण ज्या शाखेत पासवर्ड सांगितल्याशिवाय काम चालत नाही, तेथे नवा पासवर्डही पुढच्या रजेला सांगितला जातो, आणि बरेचदा तोही सांगावा लागत नाही, कारण शेवटचा आकडा एकाने वाढवला आहे हे सर्वांना माहीत असते. ज्या धोक्यासाठी साहेब मुदत मागत आहेत, त्या धोक्यावर ती प्रत्यक्षात चालत नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य आहे आणि त्यावर एक उदाहरण देतो.

मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कोलोनियल पाइपलाइन खंडणीखोरांच्या हल्ल्यानंतर बंद ठेवावी लागली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. हल्लेखोर आत शिरले ते दूरवरून जोडणी करण्याच्या एका जुन्या खात्यातून. ते खाते वापरात नव्हते, तरीही चालू होते. त्याचा पासवर्ड गुंतागुंतीचा होता, असे कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या सुनावणीत सांगितले. पण त्या खात्याला दुसरा टप्पा नव्हता. मुदतीचा नियम असता तर कदाचित ते खाते अडले असते, असे कोणी म्हणू शकेल. माझे म्हणणे असे की ते खातेच नसायला हवे होते. न वापरलेले लॉगिन ठरावीक दिवसांनी आपोआप बंद करण्याचा नियम ठेवा, तो मुदतीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे आणि रोज काम करणाऱ्याला त्याचा काही त्रास होत नाही.

आता दुसऱ्या टप्प्याबद्दल. रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांसाठी ३१ डिसेंबर २०१९ रोजी जे टप्प्याटप्प्याचे सायबर सुरक्षा धोरण जाहीर केले, त्यात कोअर बँकिंग आणि त्याला जोडलेल्या प्रणालींच्या प्रवेशासाठी दोन टप्प्यांची ओळख सांगितली आहे आणि दुसरा टप्पा दर वेळी बदलणारा असावा असे स्पष्ट म्हटले आहे. पासवर्डाबाबत मजबूत धोरण असावे आणि क्षुल्लक पासवर्ड टाळावेत, असेही त्यात आहे. त्यामुळे ताई, तुम्ही सवलत मागत नसून रिझर्व्ह बँकेने सांगितलेलीच गोष्ट करू पाहत आहात, हे संचालक मंडळासमोर पहिल्याच वाक्यात मांडा. बोटाचा ठसा दर वेळी तोच असतो, म्हणून केवळ त्यावर भागणार नाही. तो पासवर्डाच्या जागी चालेल, दुसऱ्या टप्प्याच्या जागी नाही. मोबाइल संदेशाची अडचण खरी आहे. त्यासाठी दर तीस सेकंदांनी नवा सहा अंकी आकडा दाखवणारे छोटे टोकन यंत्र मिळते. त्याला सिग्नल लागत नाही आणि कॅश केबिनमध्ये मोबाइल न्यावा लागत नाही.

टोकनचा आणखी एक गुण आहे आणि साहेबांच्या मूळ चिंतेच्या दृष्टीने मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पासवर्ड सांगितला तरी तो सांगणाऱ्याकडेही राहतो आणि ऐकणाऱ्याकडेही, म्हणून तो किती जणांकडे आहे हे कधीच कळत नाही. टोकन दुसऱ्याला दिले की स्वतःला लॉगिन करता येत नाही. ते परत मागावे लागते आणि कोणाकडे आहे हे शाखेत सर्वांना दिसते. हात बदलला तरी त्याची संख्या वाढत नाही.

मुदत काढण्याच्या नियमातून बाहेर ठेवावी अशी खातीही सांगतो, कारण या चर्चेत ती विसरली जातात. सर्व्हरची ॲडमिन खाती, डेटाबेसची खाती आणि पुरवठादाराच्या अभियंत्यांना दूरवरून दुरुस्तीसाठी दिलेली खाती अनेकांना माहीत असतात. ती शक्य तेथे माणसागणिक वेगळी करावीत. जेथे ते शक्य नाही तेथे पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवावा, प्रत्येक वापरानंतर आणि संबंधित माणूस बदलताच तो बदलावा, आणि पुरवठादाराची दूरची जोडणी एरवी बंद असावी.

निवृत्त लेखापरीक्षक यांचे पुन्हा उत्तर

टोकनबाबतचा युक्तिवाद मला पटला. टोकन वाटून पूर्ण झालेल्या शाखेत त्याच दिवसापासून मुदत काढण्यास माझी हरकत नाही. ज्या शाखेत ते पोहोचलेले नाही तेथे मात्र ९० दिवस राहू द्यावेत, हे माझे मत कायम आहे.

दोषदुरुस्ती अहवालाबद्दल कृष्णाकाठ यांना एक सांगतो. लेखापरीक्षकाने नोंदवलेला दोष आणि सुचवलेला उपाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासवर्ड कागदावर आढळले हा दोष आहे आणि त्याचे उत्तर बँकेला द्यावेच लागेल. मुदत १५ दिवस करावी हा केवळ एक उपाय आहे. बँकेने कारणे नमूद करून त्याहून परिणामकारक उपाय केला असेल आणि संचालक मंडळाचा ठराव जोडला असेल, तर कोणताही समंजस लेखापरीक्षक तो मान्य करतो. उत्तरात शिफारस अमान्य असे लिहून थांबू नका. पर्यायी नियंत्रण कोणते, ते कोणत्या शाखेत कोणत्या तारखेला लागू होईल आणि त्याची तपासणी कोण करणार, हे लिहा.

तपासणीसाठी दोन अहवाल दर महिन्याला काढावेत असा माझा आग्रह आहे. एक म्हणजे ज्या व्यवहारांत एंट्री आणि पासिंग एकाच संगणकावरून थोड्या सेकंदांच्या अंतराने झाले त्यांची यादी, आणि ती शाखाधिकाऱ्याकडे न जाता थेट अंतर्गत लेखापरीक्षण विभागाकडे जावी. दुसरा म्हणजे त्या महिन्याचे पगारपत्रक आणि कोअर बँकिंगमधील चालू लॉगिनची यादी यांची जुळवणी. ज्याचे नाव पगारपत्रकात नाही त्याचे लॉगिन का चालू आहे, याचे लेखी उत्तर संगणक विभागाने द्यावे. सर्टइन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपून ठेवणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे, त्यामुळे हे लॉग आपल्याकडे असलेच पाहिजेत. ते वाचणारा माणूस नेमायचा, एवढेच काम बाकी असते.

कृष्णाकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. लेखापरीक्षक साहेबांनी दोष आणि उपाय वेगळे करून दाखवले, त्यामुळे दोषदुरुस्ती अहवालात काय लिहायचे हे मला आता स्पष्ट झाले आहे. पुढील सभेसाठी मी ठरावाचा मसुदा असा करत आहे की टोकन मिळालेल्या शाखेत पासवर्डाची मुदत राहणार नाही, उर्वरित शाखांत ती ९० दिवसांची राहील, आणि अधिकार तात्पुरते सोपवण्याची सोय पुरवठादाराकडून मिळाल्याशिवाय कोणत्याही शाखेत टोकन वाटप सुरू होणार नाही. ही शेवटची अट काउंटर क्रमांक तीन यांच्या उत्तरामुळे घातली आहे, कारण तिच्याविना टोकनही टेबलाच्या खणात पडून राहील अशी मला भीती वाटते.

सुरुवात एका मोठ्या आणि एका लहान शाखेत करायची आहे आणि मार्चअखेरची गर्दी संपल्यावरच ती करू. आमच्या कोअर बँकिंगमध्ये पासवर्डाची कमाल लांबी बारा अक्षरे आहे असे पुरवठादाराने आज फोनवर सांगितले. ती वाढवून देण्याचे पत्र उद्या पाठवत आहे. कोणी आपल्या बँकेत ही मर्यादा वाढवून घेतली असल्यास त्यासाठी किती काळ लागला आणि जुन्या पासवर्डांचे काय झाले, हे कृपया कळवावे.